गाठोड्यातले मूळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या दक्षिण कोकणात तुळशीवृंदावनापुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. फराळाच्या ताटाला हात लागतो तो त्यानंतर. सणाची सुरुवातच जिथे कडू चवीने होते, तिथल्या माणसाने दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे एका कडू मुळाची हकिकत मांडली, तर ती अस्थानी ठरू नये असा माझा भरवसा आहे. हे मूळ आमच्याच मुलखातले. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूची माणसे पोटासाठी मुंबईला निघाली, की कपड्यांच्या गाठोड्यात त्याचा एखादा तुकडा बांधून नेत. तो तुकडा पुढे मुंबईहून बॉस्टनला, बाझलला, न्यूयॉर्कला आणि थेट स्वीडनपर्यंत कसा पोहोचला आणि माणसाच्या बिघडलेल्या मनाकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्याने कशी बदलली, तेवढेच मला सांगावयाचे आहे.

मूळ सर्पगंधेचे. जुन्या वनस्पतिग्रंथांत तिची मराठी नावे हरकी, हरकाय अशीही नोंदलेली आहेत. झुडूप हात-दीड हात उंचीचे, एकेका पेराला तीन-तीन पाने, पांढऱ्या फुलांना तांबूस देठ आणि पिकली की काळी पडणारी बारीक फळे. डोळ्यांत भरावे असे त्यात काही नाही. सारी करामत जमिनीखाली! तिथे बोटभर जाडीचे, नागमोडी, पिवळट करड्या सालीचे मूळ असते आणि ते जिभेवर ठेवले तर तोंड कडू होऊन जाते.

या झुडपाचे शास्त्रीय नाव रावोल्फिया सर्पेंटिना. त्यातल्या पहिल्या शब्दाची गोष्ट मोठी गमतीची आहे. लिओनार्ड रावोल्फ हा जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरचा वैद्य. १५७३ साली तो पूर्वेकडच्या औषधी वनस्पतींच्या शोधात निघाला, सीरिया आणि इराक हिंडला आणि परत गेला. कॉफीचे पेय युरोपला प्रथम ज्यांनी वर्णन करून सांगितले त्यांत त्याचे नाव येते. हिंदुस्थानात मात्र त्याने कधी पाऊल ठेवले नाही. पुढे १७०३ साली प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या स्मरणार्थ झाडांच्या एका वंशाला त्याचे नाव दिले आणि आपली सर्पगंधा त्या वंशात जाऊन बसली. जी वनस्पती त्या बिचाऱ्याने डोळ्यांनीही पाहिली नाही, तिच्यामुळे आज त्याचे नाव जगात चालते. या हकिकतीत नावे अशीच भलत्या ठिकाणी लागत गेली आहेत, हे वाचकांनी आतापासूनच ध्यानात ठेवावे.

आमच्या शेजारी गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत असे. त्याने हिंदुस्थानातील औषधींवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात सापाच्या विषावर चालणाऱ्या ‘सर्पकाष्ठां’चे वर्णन आहे आणि त्यांतले एक म्हणजे सर्पगंधाच असावी, असे अभ्यासक मानतात. नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस ही वनस्पती खाते, ही आपल्याकडच्या आजीबाईंची कथाही ओर्ताच्या कानावर आली होती. सर्पदंशावर या मुळाचा उपयोग होतो असे शास्त्राने काही सिद्ध केलेले नाही. परंतु एवढे खरे, की चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर या मुळाचा बोलबाला होता.

आता आपल्या गाठोड्याकडे वळू. विल्यम डिमॉक हा मुंबईत सरकारी औषधभांडाराचा प्रमुख होता. वॉर्डन आणि हूपर या दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या खंडात सर्पगंधेवर जे टिपण आहे, ते वाचताना माझी नजर एका वाक्यावर खिळून राहिली. दक्षिण कोकणातून मुंबईस आलेले बहुतेक मजूर या मुळाचा थोडासा साठा जवळ बाळगतात आणि पोटातल्या वेदनांवर त्याला मोठे गुणकारी मानतात, अशा आशयाचे ते वाक्य आहे. पुढे कोकणातली कृतीही दिली आहे. पटकीवर हे मूळ सापसणीबरोबर द्यावयाचे. पोटशूळ असेल तर कुड्याचे आणि मोगली एरंडाचे मूळ त्यात मिसळून दुधातून द्यावयाचे. (वाचकांपैकी कोणी हा प्रयोग घरी करू नये, हे येथेच बजावून ठेवतो. या मुळात किती जबर द्रव्य दडले आहे ते पुढे येईलच.)

दक्षिण कोकणातले मजूर म्हणजे कोण? तेव्हा सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८१ साली रत्नागिरीतून निघाला. पण मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या भागांतून गिरण्यांत, गोद्यांत आणि घरगड्याच्या कामाला मुंबईस जाणाऱ्या माणसांचा ओघ डिमॉकच्या काळी चांगलाच सुरू झाला होता. एका खोलीत दहा-वीस माणसे, खाणावळीचे जेवण आणि नळाचे पाणी. पोट बिघडले तर डॉक्टर कुठला? गावाहून आणलेले मूळ हाच त्यांचा दवाखाना. डिमॉकने त्यांना विचारले, त्यांनी सांगितले आणि त्याने ते टिपून ठेवले. सांगणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या ग्रंथात नाही.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आमचा कोकणी मजूर हे मूळ पोटासाठी खात होता, मनासाठी नव्हे. ‘आमच्या पूर्वजांना सारेच ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह दिवाळीच्या दिवसांत अंमळ अधिकच होतो. तथापि डिमॉकच्या टिपणावरून तरी कोकणात वेडावर हे औषध चालत होते असे दिसत नाही. आमच्याकडे कुणाचे डोके फिरले तर ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालीत, कौल लावीत. बाधा झाली म्हणून भगताकडे नेत. माणूस अगदीच अनावर झाला तर दोरखंडाने बांधून ठेवीत. १८८६ साली रत्नागिरीस वेड्यांचे इस्पितळ निघाले, तेव्हा घरच्यांना आणखी एक वाट मिळाली. पण त्या वाटेने गेलेला माणूस परत येईल याची खात्री नसे. आणि हे दुर्दैव एकट्या कोकणाचे होते असे नाही. पुढे कित्येक वर्षांनी, १९५५ साली, अमेरिकेसारख्या संपन्न देशाच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसे पडून होती. विजेचे झटके, इन्सुलिन टोचून आणलेली मूर्च्छा आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया हे त्या काळचे मोठे उपाय. मन शांत करील आणि तरीही माणसाला गुंगीत टाकणार नाही, असे औषध कोणाच्याच हाती नव्हते.

ते औषध बिहार-बंगालच्या खेड्यांतून पुढे आले. तिकडे हे मूळ ‘पागल की दवा’ म्हणूनच विकले जाई. कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली एका इंग्रजी वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर चालणारे एक नवे हिंदी औषध, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातील सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातली काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ एकाला अजमलीन हे नाव दिले. पाठोपाठ १९३३ साली कलकत्त्यास रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. देहरादूनच्या हिमालय ड्रग कंपनीने १९३४ पासून ‘सर्पिना’ नावाने मुळाच्या गोळ्याही विकावयास काढल्या.

म्हणजे १९३४ पर्यंत हिंदुस्थानात सारे काही हाती आले होते: लोकांचा अनुभव, वैद्यांचा पडताळा, रसायनज्ञांचे पृथक्करण आणि बाजारातली गोळी. तरीही बाहेरच्या जगाला याचा पत्ता नव्हता. कलकत्त्याचे मासिक बॉस्टनच्या डॉक्टराच्या टेबलावर पडत नसे. आणि पडले असते तरी पारतंत्र्यातल्या देशातील वैद्यांचा शब्द कितीसा मानला गेला असता याची शंकाच आहे. या मौनात पंधरा-सोळा वर्षे गेली. त्या वर्षांत दोरखंडाने बांधलेली माणसे बांधलेलीच राहिली.

ही कोंडी मुंबईत फुटली. डॉ. रुस्तम जाल वकील हे १९११ साली मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. लंडनला उच्च शिक्षण घेऊन परतल्यावर ते परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयविकारांचे काम पाहू लागले. १९२६ साली उघडलेले के. ई. एम. हे गिरणगावाच्या मधोमध असलेले महापालिकेचे रुग्णालय. लालबाग-परळच्या चाळींतला कोकणी माणूस आजारी पडला, की त्याची पायरी चढे. ज्यांच्या बापजाद्यांच्या गाठोड्यांत डिमॉकला मूळ सापडले, त्यांच्याच वस्तीत वकिलांनी त्या मुळाची शास्त्रीय परीक्षा मांडावी, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो. रक्तदाब वाढलेल्या ५० रुग्णांना मुळाच्या गोळ्या देऊन, आधीचे आणि नंतरचे मोजमाप शिस्तीने टिपून त्यांनी निबंध तयार केला आणि तो १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तोवर रक्तदाबावर धड औषध असे नव्हतेच. त्यामुळे हा निबंध जगभर वाचला गेला.

तो वाचणाऱ्यांत बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स होते. त्यांनी हिंदुस्थानातून गोळ्या मागविल्या आणि १९५० पासून आपल्या रुग्णांना द्यावयास सुरुवात केली. रक्तदाब हळूहळू उतरे, हे वकिलांच्या म्हणण्याप्रमाणेच झाले. पण विल्किन्सांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. ते रुग्ण शांत झाले होते. चिडचिड, धडधड, उगाचची काळजी कमी झाली होती. आणि तरी ती माणसे पेंगत नव्हती. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली, त्याबद्दल मनाच्या डॉक्टरांनी त्यांचे ऋणी राहावयास हवे.

आता देखावा स्वित्झर्लंडचा. बाझल शहरात सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर आणि श्लिट्लर हे रसायनज्ञ आणि बाइन हे औषधशास्त्रज्ञ या मुळाच्या मागे लागले होते. मुळात अनेक द्रव्ये. त्यांतले शांतविणारे नेमके कोणते? त्यांनी अर्कातून एकेक भाग वेगळा करीत, प्रत्येकाची प्राण्यांवर परीक्षा घेत १९५२ साली ते द्रव्य हाती आणले. वनस्पतीच्या लॅटिन नावातलीच अक्षरे घेऊन त्याला रेसर्पिन म्हटले. मुळाच्या हजार भागांत ते फार तर एक-दोन भाग निघते. पण रक्तदाबासाठी त्याच्या एका मिलिग्रॅमचा चौथा हिस्सादेखील पुरतो. घरगुती मात्रेत हे मूळ घेणे का धोक्याचे, ते यावरून उमजावे.

इकडे १९५३ साली अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मनोविकारांवरील देशी औषधांसंबंधीचा आपला निबंध बडोद्याच्या वैद्यकीय परिषदेत वाचला आणि त्याला पारितोषिक मिळाले. त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने छापली. ती वाचली नेथन क्लाइन यांनी. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड सरकारी मनोरुग्णालयात ते संशोधन करीत. त्यांनी आपल्या रुग्णांवर मूळ आणि रेसर्पिन दोन्ही वापरून पाहिली आणि १९५४ साली निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यात त्यांनी जो शब्द योजला होता, त्याचा अर्थ मज्जासंस्थेचे आणि मनाचे विकार एकत्र घेणारे शास्त्र असा होतो. कॅलिफोर्नियात मोडेस्टोच्या रुग्णालयात रॉबर्ट नॉस यांनाही तसाच अनुभव आला. रॉकलंडमध्ये फुटक्या खिडक्यांच्या काचा बसविणाऱ्या कारागिराचे काम एकाएकी कमी झाले, असे क्लाइन सांगत. आकड्यांच्या कोष्टकापेक्षा मला हा पुरावा अधिक पटतो. काच फुटली नाही याचा अर्थ कुणाचा तरी हात रक्तबंबाळ झाला नाही आणि त्यासाठी कुणाला बांधूनही ठेवावे लागले नाही.

याच सुमारास पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे दुसरे, कारखान्यात बनविलेले औषध १९५२ साली पुढे आले होते. मनोविकारांच्या आधुनिक औषधोपचाराची ही जोडीच म्हणावयाची. १९५७ साली अमेरिकेचे मानाचे लास्कर पारितोषिक या दोन औषधांसाठी एकत्रच देण्यात आले. क्लोरप्रोमाझिनसाठी पॅरिसचे लाबोरी व देनिकेर आणि माँट्रियलचे लेमान. सर्पगंधेसाठी क्लाइन, नॉस आणि आमच्या परळचे डॉ. वकील. पुढच्याच वर्षी भारत सरकारने वकिलांना पद्मभूषण दिले.

एखाद्या नाटकात येथे पडदा पडला असता. पण औषधांच्या गोष्टीत टाळ्यांनंतरचा अंक अधिक महत्त्वाचा असतो. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासी घेरते, असे डॉक्टर लवकरच कळवू लागले. कुणाच्या हातांना कंप सुटे, चालणे जखडे, चेहरा मुखवट्यासारखा होई. क्लोरप्रोमाझिन लवकर गुण देई, रेसर्पिन सावकाश. थोड्याच वर्षांत मनोरुग्णालयांतून रेसर्पिन मागे पडले आणि आज ते क्वचितच कोणी लिहून देतो. मग त्याचे महत्त्व ते काय?

महत्त्व या दुष्परिणामांतच दडले होते. मिलिग्रॅमभर द्रव्याने शांत माणूस उदास होतो आणि धडधाकट माणूस कापू लागतो, तर ते मेंदूत नेमके करते तरी काय? १९५५ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे स्विस शास्त्रज्ञ प्लेचर आणि अमेरिकन शोर व ब्रॉडी यांनी मिळून दाखविले, की रेसर्पिनमुळे शरीरातील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा ओसरतो. आमच्या शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर असे: मज्जातंतूच्या टोकाशी इवल्याशा कणग्या असतात आणि त्यांत निरोप पोहोचविणारी द्रव्ये भरलेली असतात. रेसर्पिन कणगीत भात भरण्याची वाट बंद करते. बाहेर राहिलेला भात नासून जातो, कणग्या रिकाम्या पडतात आणि निरोप थांबतात. मन हे अशा रासायनिक निरोपांवर चालते, त्यांचा साठा मोजता येतो आणि औषधाने बदलता येतो, ही कल्पना या मुळामुळे प्रथम हाताने चाचपून पाहता येण्याजोगी झाली. तोवर मज्जातंतूंचे वैद्य आणि मनाचे वैद्य वेगवेगळ्या घरांत राहत. त्या दोन घरांमधल्या भिंतीला या मुळाने दार पाडले.

ब्रॉडींच्या प्रयोगशाळेत काही महिने शिकून गेलेला एक तरुण होता आर्विड कार्लसन. स्वीडनमध्ये लुंड येथे परत गेल्यावर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित झाले. मग त्याने एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ते ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. हा प्रयोग १९५७ सालचा. एल-डोपापासून मेंदूत डोपामीन बनते. आणि रिकाम्या झालेल्या कणग्यांत डोपामीनचीही कणगी होती, हे त्यावरून पुढे उलगडले. व्हिएन्नात होर्निकीविच आणि त्याच्या सहकाऱ्याने १९६० साली कंपवाताने मेलेल्यांचे मेंदू तपासले, तो त्यांत डोपामीनचा तुटवडा! दुसऱ्या वर्षी तिथेच कंपवाताच्या रुग्णांना एल-डोपा टोचून पाहिले आणि १९६७ साली न्यूयॉर्ककडे कोट्झियास यांनी ते पोटातून देऊन त्याचा पक्का गुण दाखविला. कार्लसनला २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज मालवणात एखाद्या आजोबांचा हात कापू लागला आणि डॉक्टरांनी लेवोडोपाची गोळी लिहून दिली, तर त्या गोळीमागे लुंडचे ससे आहेत आणि सशांमागे सर्पगंधा.

वाचकहो, याहून एक नवल सांगतो. हे एल-डोपा निसर्गात कुठे सापडते? खाजकुयलीच्या बियांत! आमच्या कुंपणांवर माजणारी, अंगाला लागली तर पोरांना नाचायला लावणारी ती खाजकुयली. तिच्या बियांतून हे द्रव्य १९३७ साली मद्रासच्या दामोदरन् आणि रामस्वामी या संशोधकांनी वेगळे काढले होते. सशांना निपचित पाडणारे आणि उठविणारे, दोन्ही आमच्याच रानात उगवते. ती दोन्ही एकत्र आणून त्यांचा अर्थ लावण्यासाठी मात्र स्वीडनच्या माणसाला, अमेरिकेत शिकलेल्या मोजमापाच्या कौशल्याने, स्विस कंपनीचे द्रव्य हाताशी घ्यावे लागले.

म्हणून या हकिकतीचे तात्पर्य ‘सारे आमचेच होते’ असे मी काढीत नाही आणि ‘सारे त्यांनी केले’ असेही नाही. कोकणी मजुराला पोटशूळ ठाऊक होता, बिहारच्या खेडुताला वेड. वकिलांना रक्तदाब दिसला, विल्किन्सना शांती, बाझलकरांना स्फटिक, क्लाइनना न फुटलेल्या काचा आणि कार्लसनला डोपामीन. त्यांतले बहुतेक एकमेकांना कधी भेटलेही नाहीत. त्यांची गाठ पडली ती निबंधांतून आणि वर्तमानपत्रातल्या एका बातमीतून. प्रत्येकाने आधीच्याचे लिहिलेले वाचले आणि आपल्याला जे वेगळे दिसले ते पुढच्यासाठी लिहून ठेवले, यालाच मी खरे सहकार्य म्हणतो. आणि लिहिलेले जिथे पुढच्याला दिसलेच नाही, तिथे १९३१ ते १९४९ अशी वर्षे फुकट गेली.

पण या सहकार्याचा हिशेब सरळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १९५३ पासून रेसर्पिन परदेशी कंपनीच्या व्यापारी नावाने जगभर विकले गेले. मुळांना मागणी आली आणि देशातल्या रानांतून ती उपटली जाऊ लागली. पान तोडले तर झाड पुन्हा फुटते; मूळ उपटले की झाडच संपते. पुढे भारत सरकारला मुळांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली, कारखाने आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीच्या रावोल्फियाकडे वळले आणि १९९० साली आपल्या सर्पगंधेचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेले. ज्या मुलखातले मजूर हे मूळ सहज खिशात घालून निघत, तिथे आज ते शोधावे लागते. नफा एकीकडे गेला आणि उजाड झालेली जमीन दुसरीकडे राहिली.

यावर उपाय म्हणून २००२ साली आपल्या संसदेने जैवविविधता कायदा केला. त्यान्वये गावोगावच्या समित्यांनी लोक-जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. रानात काय उगवते, गावातली माणसे त्याचा कशासाठी उपयोग करतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकून तिच्यात टिपावयाचे; आणि त्या ज्ञानातून कुणी पैसा केला तर त्यातला वाटा गावाला मिळावा, असाही त्या कायद्याचा हेतू आहे. नोंदवही म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी कपाट आणि धूळ येते, हे मी जाणतो. पण डिमॉकचे एक वाक्य नसते, तर दक्षिण कोकणाचा या साऱ्या इतिहासाशी काही संबंध होता हे आज मला तरी कुठून कळते?

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ चाकरमानी कुटुंबे गावी जातात. घरात एखादी थोरली आजी किंवा पणजोबा असतील, तर सकाळच्या उन्हात त्यांच्यापाशी बसून विचारावे: पोट दुखले तर तुमच्या लहानपणी काय देत, झोप येत नसली तर काय देत, ते झाड कुठे होते, आता आहे का? त्यांनी सांगितलेले औषध पोटात घेऊ नये. परंतु ते सांगणाऱ्याच्या नावानिशी, गावानिशी आणि तारखेनिशी कागदावर जरूर उतरवून ठेवावे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या नोंदवहीसाठी द्यावी. डिमॉकला मूळ दाखविणाऱ्या त्या मजुरांची नावे आता कोणालाही सांगता यावयाची नाहीत. निदान आपल्या घरातल्यांची तशी गत होऊ नये.